नालासाठी घोडं

भंडारदऱ्याचा एक वीकेंड, एक घोडी आणि 92 हजारांचं सामान

भंडारदऱ्याचं नाव काढलं की ऑफिसातल्या प्रत्येकाकडे खरेदीची एक यादी तयार असते. जुलैत जाणारा वॉटरप्रूफ जॅकेट सांगतो. मेअखेरीस काजवे बघायला जाणारा हेडलँप सांगतो (काजवे बघायला हेडलँप! म्हणजे मैफलीला हॉर्न घेऊन जाण्यासारखं). सांदण दरीवाला दोर आणि ॲक्शन कॅमेऱ्यावर अडून बसतो. तलाव, डोंगर, वारा सगळं फुकट. पण तिथे पोहोचेपर्यंत क्रेडिट कार्डाला घाम फुटलेला असतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या ग्रुपच्या यादीत एक नवीन आयटम आला. खोगीर.

हो, घोड्यावर घालतात तेच. आणलं आमच्या एका मित्राने. त्याचं नाव छापणार नाही असं प्रॉमिस केलंय, म्हणून एवढंच सांगते: आयटीत टीम लीड, वय 31, वजन 86 किलो. वजन का सांगतेय ते पुढे कळेलच. पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये त्याने वीकेंडचे दहा क्लास केले. रेसकोर्सवरून रिटायर झालेला उंचापुरा थरोब्रेड, खाली मऊ वाळू, बाजूला इन्स्ट्रक्टर. दहाव्या क्लासला घोडा दुडक्या चालीने धावला आणि आमचा मित्र हवेत गेला. म्हणजे मनाने!

मग सुरू झालं शॉपिंग. खोगीर सेकंडहँड, पण ‘प्रॉपर इंग्लिश’, 38 हजार. त्याखाली घालायचं जेल पॅड साडेसहा हजार. गुडघ्यापर्यंतचे लेदरचे बूट 14 हजार. ब्रीचेस दोन, एक काळी आणि एक बिस्किट कलरची. हेल्मेट, ग्लव्ह्ज, छातीचा प्रोटेक्टर, टाचेला लावायचे स्पर्स, छडी. हे झालं साहेबांचं. घोड्यासाठी वेगळी बॅग: शेपटीचा गुंता सोडवायचा स्प्रे, ॲपल फ्लेवरची बिस्किटं, माश्या बसू नयेत म्हणून डोळ्यांवर घालायची जाळी, रात्रीचं ब्लँकेट, खुरांना लावायचं तेल आणि घोड्याचं माप घ्यायची एक टेप. त्याची बायको सीए आहे. तिने गाडीतच टोटल सांगितली, 92 हजार.

आणि घोडा? घोडा नव्हता.

आपल्याकडे यासाठी एकदम फिट्ट म्हण आहे, नालासाठी घोडं. रस्त्यात नाल सापडला म्हणून घोडा घ्यायला निघालेल्या माणसाची. आमच्या हिरोने नाल सोडून बाकी सगळं घेतलं होतं आणि घोड्याची सोय भंडारदऱ्याला होणार होती. ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीने तिथल्या एका मामांचा नंबर मिळाला होता. मामांकडे दोन घोड्या. लग्नसराईत वराती, एरवी शनिवार-रविवार तलावाकाठी टुरिस्ट. फोनवर मामा म्हणाले, ‘या की.’ एवढ्यावर आम्ही चौघं निघालो.

पुण्याहून नाशिक हायवेने आळेफाटा, पुढे बोट्याहून आत वळून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर असा रस्ता आहे. आळेफाट्याच्या अलीकडे ट्रॅफिक थांबलं. टोल नाही, अपघात नाही. धनगरांचा वाडा चालला होता. वाडा म्हणजे त्यांचं चालतं गाव. दिवाळी झाली की नगर-पुण्याकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे निघतात, त्यातलाच हा एक. मेंढरं पुढे, मागून बायका, आणि बायकांच्या बरोबरीने सात-आठ घोडी. त्या घोड्यांवर अख्खा संसार: भांडी, गोधड्या, मेंढरांच्या वाड्याची जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एका गाठोड्यातून डोकं बाहेर काढून बघणारं कोकरू. आपल्याकडे एवढं सामान शिफ्ट करायला टेंपो लागतो.

घोडी लहानखुरी, बारीक पायांची, केसाळ. ही भीमथडीची तट्टं. भीमा-नीरेच्या खोऱ्यात वाढलेली ही जात मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होती, आणि आता तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली आहे. त्यांच्या पाठीवर काय होतं? दुमडलेलं घोंगडं आणि दोर. मित्र काच खाली करून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘पॅडिंग बरंय, पण रिकीब नाहीये.’ त्याच्या बायकोने काच वर केली.

राजूरला पेढे घेतले. ते न घेता पुढे जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शेंडीत पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. भंडारदरा म्हणजे खरं तर ही शेंडी, समोरचा तलाव आणि तलावाभोवतीच्या वाड्या. ब्रिटिशांनी प्रवरा नदीवर 1910 साली धरणाचं काम काढलं आणि 1926 साली पूर्ण केलं. 82 मीटर उंच, सगळं दगडी. नाव विल्सन डॅम, मागच्या पाण्याचं नाव आर्थर लेक. गोऱ्या साहेबांची नावं कागदावर राहिली, लोक भंडारदराच म्हणतात. पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातं. जिल्ह्याचं नाव 2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ऊस मात्र तसाच या पाण्यावर उभा आहे. काठावरच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांत भात पिकतो तो पावसावर. आम्ही गेलो तेव्हा कापणी चालू होती. खाचरांत पिवळे पट्टे, बांधावर भाऱ्यांच्या रांगा, आणि हवेत तो ओल्या पेंढ्याचा वास. या वासाचं परफ्यूम काढलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

मामांचं घर रतनवाडीच्या रस्त्याला. अंगणात एकच घोडी. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं, म्हणजे लग्नसराईचा नारळ फुटलेला. थोरली पांढरी घोडी अकोल्याला वरातीवर गेली होती, उरली होती तांबडी राणी. वय नऊ, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव जरा एचआरसारखा. म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेते, पण मनात काय आहे कळत नाही.

मित्राने डिकी उघडली. खोगीर निघालं, पॅड निघालं, लगाम निघाला. आजूबाजूच्या घरांतली पोरं गोळा झाली. मामांनी खोगीर हातात घेतलं, उलटं केलं, चामड्यावरून अंगठा फिरवला. ‘कातडं झ्याक हाय,’ म्हणाले. मग न बांधता नुसतंच राणीच्या पाठीवर ठेवलं आणि मानेमागे जिथे हाडाचा उंचवटा असतो, तिथे खोगिराखाली दोन बोटं घालून बघितली. बोटं जाईनात.

‘साहेब, ह्ये खोगीर कुणाचं?’

‘माझं.’

‘आन् पाठ?’

इथे घोडं पेंड खात होतं. (ही म्हण प्रत्यक्ष घोड्यासमोर वापरायचा चान्स आयुष्यात एकदाच मिळतो.) आपण शर्ट घेताना आपलं माप देतो, म्हणून खोगीरही आपल्या मापाचं घ्यायचं असं आपल्याला वाटतं. खोगिराचं पहिलं माप घोड्याचं असतं, बसणाऱ्याचं नंतर. त्याच्या आत एक कडक सांगाडा असतो. त्याने वजन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटून द्यायचं आणि मधला कणा मोकळा ठेवायचा. रेसकोर्सवाल्या थरोब्रेडच्या पाठीला बसणारा सांगाडा राणीसारख्या लहान, वेगळ्या ठेवणीच्या घोडीवर पुढे टेकतो आणि मागे उचलला जातो. सगळा भार येतो त्या हाडावर. आधी केस जातात, मग कातडी सोलते, मग जखम. त्यात घोडा बोलत नाही. तो फक्त चालायचं नाकारतो, आणि आपण म्हणतो, अडेलतट्टू!

मित्राने जेल पॅड पुढे केलं. मामांनी ते दाबून बघितलं, त्यांना ते मनापासून आवडलं. पोरांनाही. पण टाइट बुटात जाड मोजा घातला तर बूट सैल होतो का? नाही ना? तसंच आहे ते. न बसणाऱ्या खोगिराखाली कितीही महागाचं पॅड घाला, खोगीर आणखीनच आवळतं. साडेसहा हजार रुपये इथे संपले.

मग वजनाचा विषय निघाला. मामांनी तो काढला नाही, ते नुसते मित्राकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंत ओझं वाहावं, असा एक अंदाज जगभर मानतात. त्यात बसणारा माणूसही आला आणि खोगीरही. ही माहिती मित्राला क्लासमध्येच मिळाली होती, पण तिथला घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. त्यामुळे तिकडे हे गणित करायची वेळच आली नव्हती. इथे त्याच्या बायकोने सामानातली ती मापाची टेप काढली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर 150 सेंटीमीटर. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी 145. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, की आलं घोड्याचं अंदाजे वजन किलोत. मोबाइलवर उत्तर आलं 275. त्याचे 20 टक्के, 55.

अंगणात शांतता पसरली.

86 किलोचा मित्र, वर आठ-नऊ किलोचं खोगीर, बूट, प्रोटेक्टर. त्याला क्रॅश डाएट केलं तरी त्या संध्याकाळपर्यंत जमणार नव्हतं. मामा म्हणाले, ‘आमी पोरं बसवतो, न्हायतर बारीक मानसं. ताईंना बसवा.’ ताई 51 किलोच्या. मामांच्या गोधडीच्या गादीचं वजन तीनेक किलो. सीएबाईंनी बेरीज केली, 54, आणि नवऱ्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. या बाईने आयुष्यात घोड्यावर बसण्याचा एकही क्लास केलेला नव्हता.

संध्याकाळचा तो तास मात्र मी कधी विसरणार नाही. पावसानंतरचा तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडे रतनगड, आणि गडाच्या डोक्यावरचं ते नेढं, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. ऊन त्या बाजूला उतरत होतं. राणी काठाच्या गवतातून पाऊल टाकत चालली होती. तिच्या पाठीवर एक बाई, जिने सकाळपासून पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं होतं. पुढे मामा अनवाणी. आणि बाजूने आमचा मित्र, बिस्किट कलरची ब्रीचेस, 14 हजारांचे बूट, हातात घोडीची दोरी. रायडिंग बूट चालण्यासाठी केलेले नसतात. त्यांचा तळ गुळगुळीत, जेणेकरून पाय रिकिबीतून पटकन सुटावा. ओल्या गवतावर तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसलाच. पण एक सांगते, त्याने एकदाही कुरकुर केली नाही. एका ठिकाणी राणी थांबली आणि त्याच्या खांद्यावर तिने नाक टेकवलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. हे दहा क्लासमध्ये झालं नव्हतं. तिथे घोडा साठ मिनिटांचा असतो. घंटा झाली की पुढचा.

परत येताना टक-टक असा आवाज यायला लागला. मागच्या डाव्या पायाचा नाल ढिला झाला होता. मामा खाली बसले, पाय उचलला, बघितला, ताईंना उतरवलं आणि तिथून घरापर्यंत सगळे चालत आले.

आता इथे मामांना देव करायची घाई करू नका. राणीचे खूर वाढले होते, हे मित्रालाही कळलं. पोटाखालून जाणारा तंग म्हणजे चक्क नायलॉनची दोरी होती आणि तिने एका बाजूचे केस घासून नेले होते. मामांना हे माहीत नव्हतं असं नाही. नालबंद संगमनेरकडून येतो, तोही दोन-चार घोडी गोळा झाली की. चार नाल आणि त्याचं जाणं-येणं धरून हजाराच्या घरात जातं. खरं तर दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बसवायला हवा, कारण खूर आपल्या नखांसारखा वाढतच असतो. पण वराती बंद, टुरिस्ट नाहीत, अशा पावसाळ्यात ते राहून जातं. घोडीची चंदी, म्हणजे हरभरा-भरड्याचा खुराक, तोही तेव्हा अर्ध्यावर येतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन? घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, खुरात खिळा जायचं निमित्त पुरतं. ‘डाक्टर आला तं देतो,’ मामा म्हणाले.

रात्री पिठलं-भाकरी खाताना सीएबाईंचं गणित चालूच होतं. 92 हजार भागिले एक हजार. सहा आठवड्यांनी एकदा धरलं तर वर्षाला साधारण नऊ वेळा. ‘राणीला दहा वर्षं नाल,’ तिने जाहीर केलं. नवरा भाकरीकडे बघत राहिला. मला वाटतं, त्या वीकेंडला त्याला जे लागलं ते हे वाक्य. गवतावर आपटलेलं नाही.

या गणितात मला जास्त गंमत वाटते, कारण आपल्याकडे हे साडेतीनशे वर्षांपूर्वी सोडवून झालं होतं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार आपला घोडा आणि आपलं सामान घेऊन येई. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. सभासद बखरीत या पागेची रचना दिली आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, आणि दर 25 मागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोडदळ उभं करताना दर 25 घोड्यांमागे कायमची माणसं कोणती? पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. पाणी का, तर घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज लागतं. नाल का, ते आम्ही तलावाकाठी ऐकलंच होतं. आणि खोगिराचं म्हणाल तर जुन्या खोगिरात चिंध्या, गवत, मिळेल ते कोंबत. त्यावरून आलेला ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण आजही प्रेझेंटेशनमधल्या फालतू स्लाइडसाठी वापरतो. भाषेलाही माहीत होतं बघा, खर्च कुठे करायचा आणि चिंध्या कुठे भरायच्या.

आपल्या पिढीला शिलेदार व्हायची फार हौस. गिटार आधी, सूर नंतर. ट्रेडमिल आधी, गुडघे नंतर. (आमच्या बिल्डिंगमध्ये तीन ट्रेडमिल आहेत, तिन्हींवर टॉवेल वाळतात.) वस्तू घेतली की अर्धा छंद झाला असं वाटतं, आणि दुकानदारही तसंच सांगतो. घोड्याच्या बाबतीत फरक एवढाच की वस्तू चुकली तर अडगळ फक्त घरात होत नाही. ती कुणाच्या तरी पाठीला लागते.

मग काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं. हेल्मेट घ्या, आणि स्वतःचं, नवं घ्या. ते घोड्यावरचंच हवं, बाइकचं चालत नाही. एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही चकाचक दिसो, बदलायचं. म्हणूनच सेकंडहँड हेल्मेट फुकट मिळालं तरी नको. सगळ्या सामानातली हीच एक गोष्ट त्या दिवशी खऱ्या अर्थाने कामाला आली, भले ती नवऱ्याच्या डोक्यावरून बायकोच्या डोक्यावर गेली असेल. बूट गुडघ्यापर्यंतचे कशाला? घोटा झाकणारा, छोटी टाच असलेला साधा बूट पुरतो. टाच अशासाठी की पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू नये. ब्रीचेसची हौस असेल तर एक घ्या. जीन्सच्या आतल्या शिवणीने मांड्या सोलतात हे खरं आहे. स्पर्स आणि छडी वर्षभर तरी नकोत. ज्याचे स्वतःचे पाय घोड्यावर अजून स्थिर नाहीत, त्याच्या टाचेला टोकदार लोखंड म्हणजे घोड्यावर अन्याय आहे, बस. आणि खोगीर घोडा घेतल्यावरच. इंग्लिशच हवं असेल तरी इंग्लंडकडे बघायचं कारण नाही. कानपूरची खोगिरं जगभर जातात, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या जवळचं बघायचं तर तापीकाठचा सारंगखेड्याचा बाजार आहे, नंदुरबार जिल्ह्यात, दत्तजयंतीला भरतो. घोडे तिथे, सामान तिथे, आणि दोन्ही एकमेकांवर घालून बघता येतं. तिथे गेल्यावर आपल्याला काहीच कळत नाही हे तासाभरात कळतं, तेही बरंच.

बाकी वस्तूंचं काय झालं ते सांगते. ब्लँकेट मामांनी नको म्हटलं. थंडीत घोडीला स्वतःची दाट लव फुटते. वरून पांघरूण दाबलं की ती चपटी होते आणि उलट ऊब कमी होते. ॲपल बिस्किटं राणीने हुंगली आणि तोंड फिरवून पेंढा खाल्ला. ती मामांच्या शेळीने बॉक्ससकट संपवली. माश्यांची जाळी मामींनी मागून घेतली, दुधाच्या पातेल्यावर एकदम मापात बसली. शेपटीचा स्प्रे सीएबाई स्वतःच्या केसांना वापरतात आणि रिझल्ट चांगला आहे म्हणतात. टेप मामांकडे राहिली. खोगीर पुण्यातल्या हॉलमध्ये सोफ्याच्या हातावर आहे. विकायला काढलंय, ऑफर आली ती 12 हजारांची.

रविवारी आम्ही रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं देऊळ आणि बाजूची दगडी पुष्करणी यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा, इथे दोन ओळींत उरकणं पाप आहे. तिथून रतनगड चढलो. जंगलातून वाट, शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. इथे शिलेदार काय, बारगीर काय, सगळ्यांनाच पायउतार व्हावं लागलं असणार. मित्राने या चढाला मामांच्या मुलाच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पाय घातले. पायाला दोन फोड होते, ते आदल्या दिवशीचे. नेढ्यात बसलो तेव्हा वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. खाली तलाव, काठाला मामांच्या घराचं पत्र्याचं छप्पर, आणि छपराबाजूला एक तांबडा ठिपका. मित्र म्हणाला, ‘राणी आहे ती.’ कुणीच वाद घातला नाही.

निघताना त्याने मामांना विचारलं, घोडीसाठी काय पाठवू? आमची अपेक्षा, मामा म्हणणार, काही नको. मामा म्हणाले, ‘सुताचा रुंद तंग पाठवा. नालबंदाचे हजार द्या. डाक्टरचं इंजेक्शन असंल तं तेबी.’ अगदी यादी सांगितल्यासारखं! मोबाइलवरून पैसे पाठवायला रेंज नव्हती, म्हणून चौघांच्या पाकिटांतून काढून 1,400 रुपये जमले. तंग पुण्यात शोधावा लागला. कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात मिळाला, 450 रुपयांना. जानेवारीत फोन केला तेव्हा नाल नवे होते, इंजेक्शन मात्र राहिलं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर: मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, तिथून भंडारदरा, साधारण पावणेदोनशे किलोमीटर. रेल्वेने इगतपुरीला उतरलात तर पुढे एसटी किंवा जीप. तलावाभोवतीचा रतनवाडी-साम्रद-घाटघर रस्ता गाडीने करण्यासारखा आहे, पण मुसळधार पावसात नको. घाटघरला धो धो म्हणजे काय ते कळतं आणि काही वेळा रस्ताही दिसत नाही. घोड्यावर बसायचं तर पाऊस संपून काठ जरा सुकल्यावर, ऊन कमी असताना सकाळी किंवा संध्याकाळी. बसण्याआधी पाठीवरची गादी उचलून खाली जखम आहे का ते बघा, असेल तर बसू नका आणि का बसत नाही ते मालकाला सांगा. साठ किलोच्या पुढे असाल तर घोडीबरोबर चाला, भाडं तेवढंच द्या. पैसे रोख न्या. आणि राजूरचे पेढे जातानाच घ्या, रविवारी संध्याकाळी उरत नाहीत.